स्वतःलाच धारेवर धरणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा काळजी वाटली. लगोलग पुन्हा वाचलं आणि चक्क राग आला. 'मठ्ठ', 'बिनकामाचा', 'नशिबाने इथवर पोचलेला' असं तुझ्याबद्दल दुसरं कुणी माझ्यासमोर बोललं असतं, तर मी त्याची खरडपट्टी काढली असती. पण बोलणारा तूच, त्यामुळे माझी पंचाईत झाली. म्हणून हे पत्र.

आधी घडलं काय तेवढंच तुझ्या पत्रातून वेगळं काढलं. बैठकीत तू आकडे मांडलेस. एका तक्त्यातली बेरीज जुळेना. वरिष्ठांनी विचारलं, तू गडबडलास, 'बघून सांगतो' म्हणालास आणि संध्याकाळी दुरुस्त तक्ता पाठवलास. त्यांचं उत्तर आलं, 'ठीक आहे, चालेल.' संपलं! हे सगळं तुझ्या पत्रात जेमतेम चार ओळींत आहे. बाकीची पानं स्वतःला झोडपण्यात गेलीत. त्यातही त्या 'चालेल'मागे त्यांच्या मनात काय असेल याचा कीस काढण्यात बराचसा मजकूर खर्ची पडलाय. अरे, कामाच्या गडबडीत माणूस 'चालेल' लिहितो तेव्हा चालेल म्हणूनच लिहितो.

तू स्वतःवर फार कडक टीका करतोस, अशी तुझी समजूत आहे. मला विचारशील तर तुझी टीका ढिसाळ आहे. दुसऱ्याच्या कामात तू एक स्वल्पविराम सोडत नाहीस, कुठे काय चुकलं ते बोट ठेवून दाखवतोस. स्वतःची वेळ आली की मात्र 'मला काहीच जमत नाही' असं मोघम, सरसकट विधान करून मोकळा होतोस. 'तिसऱ्या रकान्यातल्या बेरजेत दोन ओळी सुटल्या' हे वाचलं की पुढे काय करायचं ते कळतं. सूत्र तपासायचं, पाठवण्याआधी कुणाला तरी दाखवायचं. 'मी बिनकामाचा आहे' या वाक्याचं काय करायचं? त्यावर रात्रभर कुशी बदलण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि तू तेच करतोयस.

शिवाय तुझा हिशोबही सरळ नाही. बढती मिळाली ती नशिबाने, त्या वर्षी दुसरं कुणी नव्हतं म्हणून. बेरीज चुकली ती मात्र तुझ्या लायकीमुळे. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली कर्तबगार स्त्रियांमध्ये नेमकं हेच टिपलं होतं. पदव्या, हुद्दे, कौतुक सगळं असूनही त्यांना वाटायचं की आपण लोकांना फसवतोय आणि एक दिवस पितळ उघडं पडणार. यश आलं की ते नशिबाच्या खात्यात जायचं. पुढे हे पुरुषांतही दिसून आलं, त्यामुळे तुला काही खास वेगळा आजार जडलाय अशा भ्रमात राहू नकोस.

'खोलीतल्या प्रत्येकाला माझा आवाज कापलेला कळला' असंही तू लिहिलंयस. याबाबतीत एक गमतीदार प्रयोग आहे, 2000 साली प्रसिद्ध झालेला. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावला. त्या वयाच्या मुलांना तो घालायची लाजच वाटावी असा. मग त्यांना इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी चित्र ओळखलं असणार. प्रत्यक्षात ओळखलं होतं सुमारे पाव लोकांनी. उरलेले आपापल्या विचारात होते. तुझ्या बैठकीतही बरेचजण आपली पाळी कधी येते याच चिंतेत असतील.

आता तुझा हुकमी मुद्दा. झोडपलं नाही तर मी आळशी होईन, म्हणतोस. मलाही बरीच वर्षं हे पटायचं. पण ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांचं 2012 सालचं संशोधन वाचलं आणि विचार बदलला. त्यांनी विद्यार्थ्यांना शब्दांची मुद्दाम अवघड परीक्षा दिली. ती बिघडल्यावर काहींना सांगितलं की अशी परीक्षा अनेकांना जड जाते, स्वतःला फार बोल लावू नका. काहींना सांगितलं की तुम्ही इथवर आलात म्हणजे हुशारच असणार. काहींना काहीच सांगितलं नाही. पुन्हा परीक्षा देण्याआधी सर्वांत जास्त वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटाने. म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढवूनही भागलं नाही. चूक मान्य करून मुकाट पुढे जाण्याची मोकळीक मिळाली, तिथे काम झालं.

म्हणून आरशासमोर उभं राहून 'मी सर्वोत्तम आहे' वगैरे घोकायचा सल्ला मी देणार नाही. मला तो प्रकार मुळातच आवडत नाही, आणि ज्यांचा स्वतःवर आधीच विश्वास नाही त्यांना अशा घोकंपट्टीने उलट वाईट वाटू शकतं, असं 2009 साली एका अभ्यासात दिसलंय. मन आतून लगेच म्हणतं, खोटं!

त्यापेक्षा रात्री ती विचारांची चक्की सुरू झाली की उठून कागद घे. डावीकडे मनात आलेलं वाक्य लिही, उजवीकडे त्यावर उद्या काय करता येईल ते. उजवीकडे काहीच लिहिता आलं नाही, तर ते डावीकडचं वाक्य खोड. आणखी एक, थोडं विचित्र वाटेल. स्वतःशी बोलताना 'मी' म्हणण्याऐवजी स्वतःला नावाने हाक मार, जसा मी मारतो तशी. ईथन क्रॉस यांच्या 2014 सालच्या प्रयोगांत असं बोलणाऱ्यांना भाषणासारख्या प्रसंगाचा ताण कमी जाणवला.

तुझे मेलही आठवले. 'घाईत केलंय, काही चुकलं असल्यास क्षमस्व, एकदा नजर टाकाल का.' समोरचा मजकुरापर्यंत पोचायच्या आतच तू त्याच्या हातात चुका शोधायचं भिंग देतोस. ती पहिली ओळ काढून टाक. सुरुवातीला उघड्यावर आल्यासारखं वाटेल, वाटू दे.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नकोस. झोप उडालीय असं तू ओझरतं लिहिलंयस. झोप, भूक, कामातलं लक्ष हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, तर कागद-पेन्सिल आणि माझी पत्रं पुरणार नाहीत. समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. एकट्याने जायचं नसेल तर मी येतो, बाहेर बसून राहीन.

आणि पुढच्या बैठकीचा तक्ता आदल्या दिवशी मला पाठव. सूत्रांमधलं मला फारसं कळत नाही, पण फोनवर एकेक आकडा मोठ्याने वाचून ताळा करायला मी केव्हाही तयार आहे. रात्री जेवणानंतरची वेळ मला बरी पडते. तुझी सांग.

तुझा,
तोच तो