समन्स सातवे, साक्ष अजून पहिलीच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे झेरॉक्सचे दुकान आहे. 2016 मध्ये एक हवालदार दुकानात आले. म्हणाले, "चला, पंच म्हणून सही करायची, पाच मिनिटांचं काम आहे." शेतातल्या मोटारींची केबल चोरीला गेली होती. तांबे काढायला जाळलेली तार एका शेडमागे सापडली. तिचे वजन केले, पोत्यात भरली, सुतळीवर लाखेचे सील ठोकले, लेबलावर मी सही केली. ते पाच मिनिटांचे काम अजून चालूच आहे.

आजवर सात समन्स आले. दुकानाला कुलूप, सकाळची एसटी, मग कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर पुकाऱ्याची वाट बघायची. एकदा न्यायाधीश साहेब रजेवर. एकदा मुद्देमालच, म्हणजे ते सीलबंद पोते, ठाण्यातून आला नव्हता. दोनदा आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. एकदा त्यांच्या घरी मयत झाली होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही, अशी तहकुबी मिळायलाच हवी. पण एरवी कोर्टाच्या रोजनाम्यात दोन ओळी पडतात आणि पैरवीचे, म्हणजे खटल्याचे कोर्टातले काम पाहणारे, पोलीस सांगतात, "काका, आज काही होत नाही, पुढच्या तारखेला या."

आरोपी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. जामीनदार मिळेना म्हणून काही महिने आत राहिला. आता त्याला दोन मुले आहेत. तारखेला तोही त्याच एसटीने येतो, त्या दिवशीची मजुरी बुडवून. खटल्याविषयी आम्ही बोलत नाही, बोलायचे नसते हे मला कळते. पण एकदा स्टँडवर तो म्हणाला, "काका, माझ्या बाजूनं नको, विरोधात सांगा, पण एकदाचं सांगून टाका." त्याने चोरी केली की नाही, मला ठाऊक नाही. मी फक्त पोते पाहिले आहे. या गुन्ह्याला जुन्या भारतीय दंड संहितेच्या 379 कलमाखाली जास्तीत जास्त तीन वर्षे शिक्षा. खटल्याने तिच्या कितीतरी पट वर्षे खाल्ली.

जलद खटला हा 21व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात, बिहारच्या तुरुंगात खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांबाबत सांगितले. 1992 च्या अंतुले निकालात हा हक्क तपासापासून अपिलापर्यंत लागू असल्याचे सांगितले, मात्र वर्षांची मुदत घालून दिली नाही. नव्या नागरी सुरक्षा संहितेच्या 346व्या कलमात पक्षकाराच्या अडचणीसाठी दोनपेक्षा जास्त तहकुबी नाहीत. आमचा खटला जुना, त्याला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 309 कलम. पण साक्षीदार हजर असेल तर लेखी विशेष कारणाशिवाय त्याला न तपासता तारीख देऊ नये, हे त्यातही आहेच. वकील दुसऱ्या कोर्टात आहेत हे तर कारणच धरायचे नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे! तहकुबी मागणाऱ्यावर खर्च बसवायचीही सोय आहे. सात खेपांत कुणावर खर्च बसलेला मी पाहिला नाही.

न्यायाधीश कमी आहेत, बोर्डावर ढीगभर प्रकरणे असतात, मान्य. पण मुद्देमाल येणार नाही हे पैरवीवाल्याला आदल्या संध्याकाळी कळत नाही का? एक फोन केला तर साक्षीदाराचा दिवस वाचेल. आणि आलेल्याला परत पाठवायचेच असेल, तर कारणाची नक्कल आणि भत्ता त्याच दिवशी हातात द्यावा.

मागच्या खेपेला सरकारी वकिलांनी विचारले, "केबलचं वेष्टण काळं होतं की लाल?" मी म्हणालो, जळलेले होते. ते म्हणाले, कुठे कुठे शिल्लक होते असे पंचनाम्यात लिहिले आहे, वाचून घ्या. वाचले. खाली सही माझीच आहे. रंग काही आठवत नाही.

आपला,
एक पंच साक्षीदार
(खटला सुरू असल्याने कृपया नाव छापू नये.)