आईला इतकं जपू नकोस

बॉस्टन, 18 जानेवारी

ती. दादास, सा. न.

आईसाठी डायनिंग टेबल आणलंस, कमोड बसवलास, आता पिठाचा डबासुद्धा तिला उचलू देत नाहीस, असं वहिनी म्हणाली. मायेनंच करतोस. पण मला यावर भांडायचंय, म्हणून फोनऐवजी लिहितेय. मध्येच 'बरं, ठेवतो' म्हणता येणार नाही तुला.

दिवाळीत आले तेव्हा आई सोफ्यावरून उठताना दोन्ही हात टेकून झोका घेत होती. तुम्ही रोज बघता, म्हणून दिसत नाही. मला दिसलं, कारण मीही त्याच वाटेवर होते. त्याच प्रवासात विमानात बॅग वरच्या कप्प्यात ठेवायला गेले, तर ती खांद्याच्या वर जाईना. शेवटी मागच्या पोरानं ठेवली. एक्कावन्न वय माझं! परतल्यावर पहिल्यांदा जिमला नाव घातलं.

ट्रेनर बाई साठीच्या. पहिल्याच दिवशी जमिनीवरचं वजन उचलायला लावलं. पाठ ताठ, कंबरेतून वाकायचं, वजन अंगाशी धरून उठायचं. मला एकदम हंडा उचलणारी आजी दिसली. इथे त्याला डेडलिफ्ट म्हणतात आणि वर पैसे घेतात! (आपल्या आजोबांची हयात तालमीत गेली, पण घरातल्या एका बाईला तिथली पायरी चढू दिली नाही.)

तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात, साठीनंतर वेग वाढतो. त्यातही झटक्यात ताकद लावणारे तंतू जास्त झिजतात. पाय घसरल्यावर तोल सावरतात ते हेच. आई बागेत फेऱ्या मारते ते हृदयाला उत्तम, पण तेवढ्यानं ही झीज थांबत नाही. स्नायूला ओझं लागतं, आणि तू नेमकं तेच काढून घेतोयस.

'या वयात?' म्हणशील. 1990 मध्ये याच बॉस्टनमधल्या एका वृद्धसेवा केंद्रात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना पायांनी वजन उचलायला लावलं होतं. नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले. पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. आपली आई तर चौऱ्याहत्तरचीच आहे.

डॉक्टरांना बी.पी. आणि गुडघे दाखवून घे. मग खुर्ची भिंतीला टेकवून ठेव आणि हात न लावता उठ-बस, आठ-दहा वेळा, थांबून पुन्हा. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. श्वास कोंडायचा नाही. सोपं वाटायला लागलं की हातात लिटरभर पाण्याची बाटली दे, मग दोन. ओझं वाढवत नेलं नाही तर उपयोग नाही, हे माझ्या बाईंचं पालुपद.

आणि खाणं! या वयात किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात. आई पन्नास किलोची. तिच्या अर्ध्या भाकरीत आणि आमटीच्या पाण्यात ती कुठून येणार? एका अंड्यात सहा ग्रॅम, पण ती अंडं शिवणार नाही. मग घट्ट वरण, उसळ, दही, पनीर. चतुर्थीचा साबुदाणा मात्र तू बंद करून दाखव, मी हरले.

मे महिन्यात येतेय. वहिनी म्हणाली, पाट भंगारात देणार आहात. देऊ नका. माळ्यावर असू देत, मी उतरवेन.

तुझी,
धाकटी

ता. क. हे आईला वाचून दाखव. साबुदाण्याचं वाक्य गाळून.