पोराचा हात मागे गेला

प्रिय सुध्या,

फोनवर सांगून हे तुझ्यापर्यंत नीट पोचणार नाही, म्हणून लिहितोय. आईचा गुडघा बरा आहे, माझी शुगर ताब्यात आहे. झालं.

गेल्या आठवड्यात आमच्या शिकवण्याच्या विमानाचं, सेसना १५२ चं, इंजिन टेकऑफनंतर पाचशे फुटांच्या आतच बंद पडलं. योक, म्हणजे नाक वर-खाली करायचा दांडा, विद्यार्थ्याच्या हातात होता आणि त्याने तो सरळ पोटाशी ओढला. नाक वर, वेग खाली, पंखांची उचल सुटायच्या आधी वाजते ती स्टॉल वॉर्निंगची पिपाणी सुरू. मी कंट्रोल घेतला, नाक खाली दाबलं आणि ६० नॉट धरले. समोर उभा ऊस, उजवीकडे विजेच्या तारा, डावीकडे नुकताच तोडलेला फड. तिकडे जरासं वळवलं. मिक्श्चर बंद, फ्युएल बंद, ठिणगी देणारे मॅग्नेटो बंद. फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून ते आधी खाली घेतले आणि मगच विजेचा मास्टर स्विच बंद केला. चौकट वाकली तर दार अडकतं, म्हणून त्याला दार आधीच उघडायला लावलं. सऱ्यांवरून आदळत थांबलो. नोजव्हील वाकलं, आम्ही दोघं धड आहोत. मेडे म्हणायला वेळच नव्हता.

कॅन्टीनमधलं भांडण आठवतंय ना? तू म्हणायचास, इंजिन गेलं तरी तेवढ्या उंचीवरून रनवेकडे मागे वळता येतं. मी वर्तुळं काढून दाखवली, तर तू कागदावर चहा सांडलास आणि म्हणालास, पुरावा नष्ट! अरे, रनवेच्या रेषेत यायला १८० अंशांहून जास्त वळावं लागतं. ४५ अंशांच्या वळणात स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, आणि उतरताना वारा पाठीमागून. अजूनही मान्य नसेल तर ये, पुन्हा भांडू.

पण माझा जीव अडकलाय तो त्या हातात. पोरगा हुशार आहे, चेक तोंडपाठ आहेत. सरावात मी थ्रॉटल मागे घेतो तेव्हा नाक अगदी वेळेवर खाली घालतो. का, तर माझा हात थ्रॉटलकडे जाताना त्याला दिसतो! खरं इंजिन असं सांगून जात नाही. आता त्याची सोलो आलीय. वडिलांनी कर्ज काढलंय, सारखे विचारतात, कधी सोडताय? एकट्याने जाताना त्याच्या शेजारी मी नसणार, आणि पहिले दोन सेकंद तर त्या हाताचेच असतात.

सध्या प्रत्येक टेकऑफआधी त्याच्याकडून मोठ्याने वदवून घेतोय: इंजिन गेलं तर नाक खाली, समोरच उतरायचं, मागे वळायचं नाही. बोलताना योकही पुढे ढकलायला लावतो. एवढं पुरेल का? तुम्हा एअरलाइनवाल्यांना सिम्युलेटरवर दर सहा महिन्यांनी इंजिन मारून दाखवतात. तुझा हात कशाने सुधारला ते सांग. एअरबसच्या गप्पा नकोत, हाताचं सांग.

नवं घर लागलं का? चिऊची दहावी कशी चाललीय? वहिनींना नमस्कार.

उत्तर लिहीत बसू नकोस, रविवारी फोन कर. सोमवारी तो पुन्हा माझ्याबरोबर उडणार आहे.

तुझा,
बाळ्या