तिसरा चरण

चि. लेकीस अनेक आशीर्वाद,

बहिणाबाई चौधरींच्या ‘अरे संसार संसार’ या कवितेचे तू लिहिलेले रसग्रहण काल दोनदा वाचले. छंद अष्टाक्षरी आहे, यमक साधले आहे, पुनरुक्तीमुळे नादमाधुर्य आले आहे, या तुझ्या विधानांत चूक काही नाही. पण हीच वाक्ये दुसऱ्या कोणत्याही कवितेखाली खपून गेली असती, एवढेच मला खटकले.

‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके, तेव्हां मियते भाकर’ हे कडवे बोटांवर मोजून पाहा. बोलताना ‘संसार’मधला ‘र’ आपण अर्धाच सोडतो, परंतु छंदात तो पूर्ण अक्षर धरायचा, आणि ‘ल्ह्या’ कितीही जड असला तरी एकच. म्हणजे चारही चरण आठ-आठ अक्षरांचे भरतात. पुढे मात्र ‘खीरा येलावरचा तोड’ (खीरा म्हणजे काकडी) येथे तुझी मोजणी नऊवर गेली आणि तू तो दोष ठरवलास. तो चरण मोठ्याने म्हण, ‘येलावर्चा’ असे आपोआप होते आणि नववे अक्षर विरून जाते. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्यांचा छंद कानाने तोललेला आहे, तो कागदावर तपासताना थोडा कान उघडा ठेवावा लागतो.

यमकाबद्दल एक दुरुस्ती. दुसऱ्या कडव्यात ‘नही–नही’ हे यमक नव्हे, कारण ‘कधी म्हनू नही’ हे शब्द जसेच्या तसे परत आले आहेत. खरे यमक त्यांच्या आधी, ‘खोटा–लोटा’ यांत आहे, आणि संसाराला खोटा व राऊळाच्या कळसाला लोटा म्हणू नये हा सारा युक्तिवाद त्या दोन शब्दांवरच उभा आहे.

आता तुझ्या नजरेतून निसटलेली गोष्ट. पहिल्या कडव्यात ‘संसार’, ‘चुल्ह्यावर’, ‘भाकर’ हे तिन्ही ‘र’वर येऊन टेकतात, तिसरा चरण तेवढा ‘चटके’वर तुटतो, म्हणजे जिथे हात भाजतो तिथेच यमकही सुटते. काकडीच्या कडव्यात ‘तोड–गोड’ जुळतात आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी ‘कडू’ एकटा राहतो. पण ‘येड्या, गयांतला हार, म्हनू नको रे लोढनं’ या कडव्यात तिसरा चरण पहिल्याशी जुळतो: ‘संसार’ आणि ‘हार’. ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवतात ते लाकडी लोढणे दुसऱ्या चरणाच्या शेवटच्या ‘कुढनं’च्या जोडीला जाते, आणि संसाराची जोडी हाराशी लागते. हे बहिणाबाईंनी ठरवून केले असेल असे मी म्हणणार नाही; जात्यावरच्या ओव्यांत मुरलेल्या कानाला ते ठरवावेही लागत नसावे.

आता पुनरुक्तीचा परिच्छेद पुन्हा लिही. ‘अरे संसार संसार’ हा चरण कडव्यांच्या आरंभी दर वेळी एकाच सुरात म्हणता येतो का, की चटक्यांपूर्वी तो सुस्काऱ्यासारखा आणि हारापूर्वी समजूत घातल्यासारखा येतो, ते आधी स्वतः म्हणून पाहा आणि मग लिही. कच्चा कागद पाठवलास तरी चालेल.

तुझा,
बाबा