टोकियोहून परतीला जास्त वेळ का लागतो?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या मुलांच्या पानावर मुंबई-टोकियो विमानप्रवासाचा प्रश्न आला होता. थेट विमानाला जाताना साधारण ८ तास आणि येताना साडेनऊ-दहा तास का लागतात? उत्तर छापलं होतं, ‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून.’ इथे सांगलीच्या विश्रामबाग भागात आमच्या शेजारची सातवीतली मुलगी ते कात्रण प्रकल्पाच्या वहीत चिकटवायला बसली होती. माझी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि त्या हवेतलं विमानही. जमीन खालून सरकत असती तर पश्चिमेकडे येणारा प्रवास उलट लवकर संपला असता. शिवाय मुंबईच्या अक्षवृत्तावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला जाते. मग ताशी ९०० किलोमीटरने उडणारं विमान टोकियोला कधी पोचलंच नसतं.

खरं कारण वारा. साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याची धार, वाहते. हिवाळ्यात जपानवर तिचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे सहज जातो. कृष्णेला ओढ असताना सरकारी घाटावर पोहणाऱ्या पोराला जे कळतं, तेच इथे घडतं : जाताना धार ढकलते, येताना अडवते. पृथ्वीच्या फिरण्याने या वाऱ्याला दिशा मिळते हे खरं, पण विमानाचा वेळ बदलतो तो वाऱ्यामुळे. उन्हाळ्यात हा प्रवाह उत्तरेला सरकतो आणि जाण्या-येण्यातला फरक कमी होतो. जपानच्याच वासाबुरो ओइशी या हवामानतज्ज्ञांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. मुलांना ही गोष्ट सांगा, ती विसरणार नाहीत.

त्या पानावरच्या नकाशाबद्दलही लिहायला हवं. मुंबईपासून टोकियोपर्यंत पट्टीने सरळ रेघ मारून तो ‘सर्वांत जवळचा मार्ग’ म्हटला आहे. मी त्या मुलीला घरातला जुना पृथ्वीगोल दिला आणि शिवणाचा दोरा. मुंबईवर बोटाने दाबून दोरा टोकियोपर्यंत ताणला, तर तो बिहारवरून वर चढला, हिमालय आणि तिबेट ओलांडून चीनमधल्या चेंगदू शहराजवळून गेला. अंतर भरतं सुमारे ६,७०० किलोमीटर. नकाशावरची रेघ याच्या बरीच दक्षिणेला राहते. विमानं मात्र सहसा तिबेट टाळून म्यानमारच्या बाजूने जातात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला तातडीने ३ किलोमीटरपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिबेटची जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे. म्हणजे उडण्याचं अंतर दोऱ्याच्या अंतरापेक्षा थोडं जास्तच.

घड्याळाचाही खुलासा हवा होता. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. रात्री ८ ला मुंबई सोडली तर तिथे पोचताना सकाळचे साडेसात वाजलेले असतात. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून मुलं साडेअकरा तास लिहितात.

पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत दुरुस्ती छापावी आणि सोबत सपाट नकाशाऐवजी पृथ्वीगोलाची आकृती द्यावी. शाळांतले प्रकल्प या महिन्याअखेर जमा होतात, तेव्हा उशीर करू नये ही विनंती.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, विश्रामबाग, सांगली