दगडफुलातला निनावी बिऱ्हाडकरू

महोदय,

गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे एकटी बुरशी नव्हे. पावसाळ्यात झाडावरच्या ओल्या दगडफुलाची राखाडी साल नखाने खरवडून पाहा, खाली हिरवा थर लागतो. हे ट्रेबॉक्सिया नावाचं एकपेशीय शैवाल. उन्हावर अन्न शिजवतं ते, आणि शास्त्रीय नाव लागतं बुरशीचं! सूक्ष्मदर्शकाखाली या शैवालाचे बरेच प्रकार सारखेच दिसतात. वेगळेपण कळतं ते डीएनए तपासल्यावर. युरोपातल्या ‘रामालिना फॅरिनेशिया’ या दगडफुलासारख्याच बुरशी-शैवालाच्या जोडीत तर एकाच देहात दोन वेगळी ट्रेबॉक्सिया नांदताना सापडली.

गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्यांत दगडफूल लिहिताना ते कोणत्या झाडावर, किती उंचीवर मिळालं एवढं तरी टिपावं. आतल्या शैवालाचा शोध घेणाऱ्याला ते कामी येईल.

– एक वाचक, सातारा