उच्च दाबाच्या प्लंजर पंपांबाबत सभासदांना सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, टाक्या व हीट एक्स्चेंजर धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तीन प्लंजरच्या (पाणी ढकलणाऱ्या दांड्यांच्या) पंपाचा दाब कमी पडू लागल्यास रिलीफ व्हॉल्व्हचा (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेचा) स्क्रू आवळून तो वाढविण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. दाब उतरण्याचे मूळ बहुधा सक्शनच्या (पंप पाणी ओढून घेतो त्या) बाजूला किंवा झिजलेल्या नोझलमध्ये असते. म्हणून पंप खोलण्यापूर्वी स्ट्रेनर (पाण्यातील कचरा अडविणारी जाळी) साफ करावा, टाकीतील पाण्याची पातळी पाहावी, सक्शन होजचे क्लॅम्प तपासावेत आणि नवे नोझल लावून पाहावे. गेजचा काटा थरथरत असेल व डिलिव्हरी होज (पंपातून पाणी बाहेर नेणारा पाइप) ठरावीक तालात उसळत असेल, तर एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकल्याची किंवा त्याची सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती बैठक) झिजल्याची शक्यता अधिक. खडी फिरल्यासारखा आवाज हे बहुतेक वेळा कॅव्हिटेशनचे (पंपात पाण्याच्या वाफेचे बुडबुडे होऊन फुटण्याचे) लक्षण असते. पंप त्वरित थांबवावा. क्रँककेसमधील (पंपाच्या फिरत्या भागांच्या तेलपेटीतील) तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे, आणि ते सीलमधून शिरत असेल तर नुसते तेल बदलून भागत नाही, हे बदलणाऱ्यालाही ठाऊक असते.

गळती शोधण्यासाठी होजवरून हात फिरवू नये, हातमोजे घालूनही नाही. 200 बार दाबाची बारीक धार कातडीत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि म्हणूनच ती दुर्लक्षिली जाते. अशा व्यक्तीला विनाविलंब रुग्णालयात न्यावे व दाबाखालील द्रवाची इजा असल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

कोणताही नट सैल करण्यापूर्वी वीजपुरवठा तोडून स्विचला कुलूप लावावे आणि गन दाबून लाइनमधील दाब शून्यावर आणावा.